छत्तीसगडात डोंगर आहेत कोठे?

पुरानी बस्तीतील महामायेच्या देवळावरून टुरी हटरीकडे जाताना एका जुन्या घराचा दगडी ओटा लागतो. कचेऱ्या सुटल्यावर संध्याकाळी त्या ओट्यावर चार-सहा मराठी माणसे जमतात. कोणी लेखापरीक्षेतला, कोणी टपालखात्यातला, कोणी आयकरातला, कोणी रेल्वेतला. एकाच कचेरीतल्या चौघांना एकाच वेळी रजा मिळत नाही हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मंडळी निरनिराळ्या खात्यांतली का, हे सांगण्याची गरज नाही. गेल्या महिन्यात त्या ओट्यावर एक कागद वाचण्यात आला. मोटारसायकलींवरून आठवडाभराच्या पर्वतप्रवासाची ती योजना होती. रायपुराहून गाड्या रेल्वेने दिल्लीस पाठवावयाच्या, तेथून मनाली, मनालीहून लेह, लेहहून खारदुंग ला, आणि तसेच परत. वाचन संपल्यावर आम्ही भीत भीत सुचविले, की इतक्या दूर जाण्याऐवजी केशकालचा घाट चढून बस्तरमार्गे कोरापुट-अरकूकडे जावे. त्यावर योजनेचे कर्ते किंचित हसले व म्हणाले, “अहो, छत्तीसगडात डोंगर आहेत कोठे?”

ओट्यावर हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण त्या क्षणी उत्तर सुचले नाही. परंतु प्रश्न विचारणारे गृहस्थ रायपुरात नऊ वर्षे आहेत, हे घरी परतताना आठवले आणि हसू मावळले. नऊ वर्षांत ज्याला आपल्या नेमणुकीच्या गावापासून दीडशे किलोमीटरांवरचा डोंगर दिसला नाही, तो हिमालयात जाऊन काय पाहणार, हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीपासून छळीत आहे. हे लिखाण त्या छळातून सुटण्यासाठी आहे. ज्या वाचकांच्या बदल्या आमच्याप्रमाणेच परमुलखात झाल्या आहेत, त्यांच्या गावच्या ओट्यांवरही असे कागद वाचले जात असतील, असा आमचा समज आहे.

प्रथम त्या कागदाचे गणित पाहू. पाच दिवसांची रजा आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार मिळून नऊ दिवस हाती येतात. रायपूर ते दिल्ली हा रेल्वेने सुमारे चौदाशे किलोमीटरांचा प्रवास. गाडी पार्सलने पाठवायची तर टाकीतले पेट्रोल काढावे लागते, गाडीला गोणपाट गुंडाळावे लागते, नोंदणीपत्राची नक्कल द्यावी लागते. एवढे करून आपण ज्या दिवशी उतरतो त्याच दिवशी आपली गाडीही उतरेल याची खात्री कोणी देत नाही. दिल्ली ते मनाली पाचशेहून अधिक किलोमीटर. २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाल्यापासून पुढची वाट सुकर झाली हे खरे; तरी मनालीपासून लेहपर्यंत सव्वाचारशेहून अधिक किलोमीटर उरतातच, आणि त्यांस शहाण्या माणसाने किमान दोन दिवस द्यावेत. म्हणजे जाण्यास चार दिवस आणि येण्यास चार. नवांतून आठ वजा जाता डोंगर पाहण्यास एक दिवस राहतो. त्या एका दिवसात योजनाकर्त्यांनी खारदुंग ला बसविली होती.

आणि हे गणित केवळ रस्त्याचे झाले. शरीराचे निराळेच आहे. रायपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत, लेह साडेतीन हजार मीटरांवर आणि वाटेतील तांगलांग ला पाच हजार तीनशेच्या वर. तीन हजार मीटरांपलीकडे गेल्यावर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक उंच असू नये, असे डॉक्टर सांगतात. विरळ हवेत डोके दुखणे, ओकारी, झोप न येणे इथून आरंभ होतो आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांत व मेंदूत पाणी साठण्यापर्यंत मजल जाते. यावर एकच खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. परतीचे रेल्वे-आरक्षण ज्याच्या खिशात आहे, तो थांबत नाही आणि उतरतही नाही. आम्ही लेहचे शत्रू नव्हे. ज्याच्यापाशी तीन आठवडे आहेत त्याने अवश्य जावे, सावकाश जावे. परंतु मंडळींना लेह हवे होते ते उंचीच्या आकड्यासाठी, असे वाचनाच्या सुरावरून दिसले. या आकड्यांची गंमत अशी, की खारदुंग ला ५६०२ मीटर उंच असल्याचे फलक वर्षानुवर्षे मिरवीत होते आणि लोक त्याखाली उभे राहून छायाचित्रे काढीत होते. पुढे उपग्रहाच्या साहाय्याने मोजले तेव्हा ती उंची ५३५९ भरली. छायाचित्रे मात्र भिंतींवर तशीच आहेत.

येथे कोणी म्हणेल, की दुसऱ्याच्या कागदावर ताशेरे झोडणे सोपे आहे. आमच्यावर हा आरोप येण्यापूर्वी आम्हीच एक गोष्ट सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद याच ओट्यावर वाचला गेला होता, आणि तो आमच्या हस्ताक्षरात होता. पचमढीची योजना होती. सातपुडा, घाटवाटा, साल व सागाची वने, सर्व काही त्यात होते. पहिल्या दिवसाच्या रकान्यात आम्ही लिहिले होते: रायपूर ते पचमढी, साडेचारशेहून अधिक किलोमीटर, मुक्कामी रात्री आठ. नकाशावर बोट फिरवून हा आकडा आम्ही काढला होता. बोटाला चहा लागत नाही, पंक्चर होत नाही आणि अंधारही पडत नाही.

सहा गाड्या निघाल्या. दुपारपर्यंत दीड तास मागे पडलो. तो भरून काढण्यासाठी पुढच्यांनी वेग वाढविला, म्हणून मागच्यांनाही वाढवावा लागला. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर एका ढाब्यावर आम्ही पाच गाड्या उभ्या केल्या, हात-तोंड धुतले आणि डाळ-भाकरीची ऑर्डर दिली. आम्ही गाड्या मोजल्या नाहीत. सर्वांत धाकटा सहकारी, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षे झालेला, मागे आहे हे ताटे आल्यावर ध्यानात आले. येईल, येईल असे म्हणत ताटे संपविली, हेही आता लिहिले पाहिजे. तो सोळा किलोमीटर मागे रस्त्याच्या कडेला पडला होता. पावसाळ्याच्या अखेरीस या मुलखातील गुरे रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसतात. समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोतात त्याला ती दिसली नाहीत. दीड तासाने आम्ही त्याच्यापाशी पोहोचलो. एका ट्रकवाल्याने त्याला तोवर पाणी पाजले होते आणि पायाला टॉवेल बांधला होता. पाय वाचला, पण तो आखूड झाला.

त्या सहकाऱ्याने आम्हांस आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. तो लावील तर बरे, असे कधी कधी वाटते. संध्याकाळी तो ओट्यावर येतो, काठी भिंतीला टेकवितो आणि मागच्या बाजूस बसतो. लेहचा कागद वाचला जात असताना तो तेथेच होता. त्याने विचारलेला प्रश्न एवढाच: “पहिल्या दिवशी जेवायला किती वाजता थांबायचं?” कागदात त्याचे उत्तर नव्हते.

म्हणून आमचे पहिले भांडण त्या रकान्याशी आहे, ज्यात दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील शंभरांपैकी चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती. ही सरकारची आकडेवारी आहे. आमच्यासारख्या कारकुनांनीच ती कोठेतरी जुळविली असेल. सहलीचा कागद लिहिणारा मनुष्य शिरस्त्राण, हातमोजे, जाकीट यांची यादी दोन पाने करतो. शिरस्त्राण पाहिजेच, मागे बसणाऱ्यालाही पाहिजे, कायदाही तेच सांगतो. पण अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचण्याइतके स्वस्त व खात्रीचे शिरस्त्राण दुसरे नाही, आणि ते यादीत नसते. घाटात दीडशे किलोमीटर म्हणजे पुरा दिवस झाला. सपाटीवर दोनशे-सव्वादोनशे. याहून अधिक लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घ्यावे.

समूहाने जाण्याच्या कलेविषयीही आमच्या मंडळींत मोठे गैरसमज आहेत. ज्याची गाडी जोरकस तो पुढे आणि ज्याची अशक्त तो मागे, ही चाल सर्रास आहे, आणि ती अगदी उलटी आहे. सर्वांत सावकाश जाणारा दुसऱ्या क्रमांकावर असावा, म्हणजे पहिल्याला त्याच्या चालीने चालावे लागते. सर्वांत जाणता मनुष्य शेवटी असावा, कारण जे काही घडते ते त्याच्यासमोर घडते. प्रत्येकाने आपल्या मागच्यावर आरशातून नजर ठेवावी. तो दिसेनासा झाला की थांबावे. मग पुढचाही थांबतो आणि दोन मिनिटांत सारी रांग आपोआप उभी राहते. चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी हा घाटाचा नियम पुस्तकातही आहे. उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. चार रुपयांच्या पेट्रोलासाठी ते सगळा भार ब्रेकवर टाकतात आणि चार वळणांनंतर तापलेला ब्रेक हाक ऐकत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, एवढे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत. असो. हे विषयांतर वाटेल, पण लेहच्या कागदात ध्वज कोणता लावावा यावर एक परिच्छेद होता आणि यातील एक ओळही नव्हती.

ओट्यावर दुसराही एक पक्ष आहे, आणि त्याच्याशी भांडणे आम्हांस अधिक जड जाते, कारण त्याचे बोलणे आमच्याच मनातले आहे. हा पक्ष म्हणतो, की डोंगर पाहावयाचा तर सह्याद्रीच. ताम्हिणी, वरंध, आंबोली यांची नावे उच्चारताना त्यांचा आवाज बदलतो. सेवापुस्तकात ‘मूळ गाव’ म्हणून जो शब्द आपण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहिला, त्या शब्दाकडे जाणारा एकच रस्ता त्यांच्या नकाशावर आहे. गीतांजली किंवा आझाद हिंद एक्सप्रेस रायपूर सोडते आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर काय होते, हे त्यांना सांगता येणार नाही. आम्हांलाही पाच वर्षांपूर्वी सांगता आले नसते.

सह्याद्रीवर आमचे प्रेम कमी नाही. परंतु ज्या भूमीचे मीठ आपण खातो तिच्याकडे केवळ पगाराचे ठिकाण म्हणून पाहण्याची ही सवय आजची नव्हे, आणि तिचा इतिहास आपणांस फारसा भूषणावह नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्यांच्याबरोबर मराठी आणि मोडी या मुलखाच्या दफ्तरात आली. बिंबाजी येथे राहिले, म्हणून लोकांनी त्यांचे नाव पुष्कळसे आपुलकीने जपले. त्यांच्या पश्चात नागपुरात बसून सुभेदारांकरवी वसुली होऊ लागली, आणि त्या काळाची आठवण येथे कोणी आपुलकीने काढीत नाही. १७७८ मध्ये कोटपाड येथे करार होऊन बस्तरचे राजे दर्यावदेव हे भोसल्यांचे मांडलिक झाले. तेव्हापासून बस्तरवर ‘टाकोळी’ बसली. आपले पूर्वज या घाटांतून गेले, हे खरे. पण ते टाकोळी घेण्यास गेले. आज आपण टाकोळी घेत नाही, महिन्याचे वेतन घेतो, आणि ते घेऊन तोंड पश्चिमेकडे वळवितो. दोहोंत जो फरक आहे तो आहेच. जे साम्य आहे ते मात्र आम्हांस सलते.

याउलट वागलेली मराठी माणसेही याच गावाने पाहिली आहेत. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले आणि रायपुरासच आपले मानले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात आले आणि १९६४ मध्ये वारले. त्या सहा वर्षांत त्यांनी त्या तळ्याकाठच्या गावाला हिंदी कवितेत कायमची जागा दिली. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा नांदल्या. कोणाचे काही उणे झाले नाही.

आता रस्त्याकडे येऊ. ज्याला छत्तीसगडात डोंगर दिसले नाहीत त्याने रायपुराहून सकाळी निघून धमतरीवरून कांकेरास मुक्काम करावा. अंतर सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. दुपारी पोहोचल्यास लाज वाटून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत केशकालचा घाट लागला पाहिजे, कारण नंतर लोहखनिज आणि लाकूड वाहणारे ट्रक एकामागोमाग रांगेत चढू लागतात व एखादा बंद पडला की तासन्‌तास वाट अडते. या घाटास ‘बारा भांवर’ म्हणतात. भांवर म्हणजे फेरा. लग्नातला फेराही तोच शब्द. बारा वळणे घेत रस्ता मैदानावरून बस्तरच्या पठारावर चढतो. मध्ये तेलिन सतीचे देऊळ आहे. ट्रकवाले तेथे नारळ फोडल्यावाचून पुढे जात नाहीत. आम्हीही फोडतो. वर पोहोचून मागे पाहिले, म्हणजे ज्या सपाट धानाच्या मुलखात आपण राहतो तो सकाळच्या धुक्यात तळ्यासारखा पसरलेला दिसतो. खंडाळ्याचा घाट आठवतो का? आठवतो. पण येथे झाडे सालाची आहेत, आणि सालाच्या वनाचा वास सह्याद्रीत मिळत नाही.

पठारावर कोंडागाव लागते. मेणाचा साचा करून त्यावर मातीचे लिंपण देऊन पितळ ओतण्याची ढोकरा कला येथील घडव्यांच्या अंगणात चालते. त्याहून मोठा ठेवा कानांसाठी आहे. कोंडागावापासून जगदलपुरापर्यंत बाजारात जी हलबी ऐकू येते ती क्षणभर कान टवकारून ऐकावी. भूतकाळातला ‘ल’ कानावर पडताच आपण दचकतो. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात हलबी मराठीच्या खंडात घातली; तिच्यात छत्तीसगडी किती, ओडिया किती आणि मराठी किती याविषयी पंडितांनी खुशाल वाद घालावेत. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की ज्या मराठी माणसाने दहा वर्षे रायपुरात ‘येथे आपली भाषा ऐकू येत नाही’ अशी तक्रार केली, त्याने तीनशे किलोमीटर जाऊन एक आठवडी बाजार पाहावयास हवा होता.

जगदलपुरात दोन रात्री काढाव्यात. पश्चिमेस चाळीसेक किलोमीटरांवर चित्रकोट येथे इंद्रावती नदी घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून सुमारे तीस मीटर खाली उडी घेते. श्रावण-भाद्रपदात तिचे पाणी मातकट व अफाट असते, दिवाळीच्या सुमारास पांढरे होते. येथे उभे राहून आम्हांस जे आठवते ते सांगतो. हेच पाणी पुढे पश्चिमेकडे वळून महाराष्ट्राच्या सीमेने वाहते, भामरागडावरून जाते आणि सिरोंचा तालुक्यात गोदावरीस मिळते. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये हेमलकशास जो प्रकल्प आरंभिला तो याच नदीच्या परिसरात. नाशिककर ज्या गोदावरीत स्नान करतात तिला चित्रकोटचे पाणी मिळते, हे सेवापुस्तकातले मूळ गाव धरून बसलेल्यांनी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या बाजूस कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान, तीरथगडचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा आणि कुटुमसरची गुहा; गुहा पावसाळ्यात बंद असते. दसऱ्याच्या दिवसांत मात्र जगदलपुरास जाऊ नये, किंवा मुद्दाम जावे. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो, त्यात रावण नाही, दंतेश्वरीचा रथ आहे. आणि त्या गर्दीत सहा मोटारसायकली उभ्या करण्यास जागा मिळत नाही.

तेथून पूर्वेस वळले की कोटपाड. कराराचे ते गाव आता ओडिशात आहे आणि तेथील मिरगाण विणकर झाडाच्या मुळापासून काढलेल्या तांबड्या रंगात सूत रंगवितात. करार आपण केला. त्या गावाचे नाव जगात पोचविले ते विणकरांनी. पुढे जेपूर, आणि जेपुराहून कोरापुटास जाणारा घाट. रायपूर तीनशे मीटरांच्या आत, जगदलपूर साडेपाचशे, कोरापुट पावणेनऊशे: या मुलखात पृथ्वी जिन्याने चढते, म्हणून येथे श्वास कोंडत नाही आणि डॉक्टरांची गरज पडत नाही. कोरापुटाजवळच देवमाळी हे शिखर आहे. त्याची उंची १६७२ मीटर. आमच्या कळसूबाईची १६४६. हे वाक्य आम्ही ओट्यावर उच्चारले तेव्हा प्रथमच शांतता पसरली. नंतर एकाने खिशातून फोन काढून खात्री करून घेतली. आम्हांस येथे उंचीची स्पर्धा लावावयाची नाही, आताच तिची आम्ही थट्टा केली आहे. पण आपल्या घरच्या शिखराहून उंच शिखर नेमणुकीच्या गावापासून दोन-तीन दिवसांच्या सावकाश प्रवासावर आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ‘डोंगर आहेत कोठे’ म्हणून हसू नये.

कोरापुटाहून अरकू. कॉफीचे मळे, सिल्व्हर ओकची झाडे, आणि रस्त्याला कधी वर कधी खाली साथ देणारा लोहमार्ग. बैलाडिल्याचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदरावरून जपानास नेण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात जपानच्या साहाय्याने हा मार्ग डोंगर पोखरून बांधला. पन्नासाहून अधिक बोगदे आहेत. त्याआधीच, १९५८ मध्ये, पूर्व बंगालच्या निर्वासितांना वसविण्यासाठी दंडकारण्य विकास प्राधिकरण निघाले व कोरापुट हे त्याचे ठाणे झाले. म्हणजे आमच्यासारखे केंद्र सरकारचे कारकून फायली घेऊन या डोंगरांत दोन पिढ्यांपूर्वीच येऊन गेले आहेत. त्यांच्यापैकी कोणी या घाटांविषयी मराठीत चार ओळी लिहिल्या असत्या तर आज आम्हांस हे सर्व पहिल्यापासून सांगावे लागले नसते.

एका आक्षेपाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बस्तर म्हटले की घरची माणसे घाबरतात, आणि ती मूर्ख नाहीत. २५ मे २०१३ रोजी जगदलपूर-सुकमा रस्त्यावर झीरम घाटीत जे हत्याकांड झाले ते रायपुरातील कोणी विसरलेले नाही. अनेक वर्षे या जिल्ह्यांत गावकरी, जवान आणि बंदूक हाती घेतलेली तरुण मुले मेली. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. तरीही आम्ही सुचवितो तो रस्ता हमरस्ता आहे, दिवसा उजेडी जाण्याचा आहे, आणि आडवाटेला वळण्यापूर्वी तेथल्या माणसांना विचारण्याचा आहे. ज्या लोकांच्या दुःखाची आपणांस फक्त बातमी ठाऊक आहे त्यांच्या गावातून जाताना भोंगे वाजवीत, ध्वज फडकावीत जाऊ नये, एवढे तर कळावे. आणि हिशेब मांडावयाचाच तर हेही मांडावे, की आमच्या धाकट्या सहकाऱ्याचा पाय बस्तरात गेला नाही. तो आमच्या रकान्याने घेतला.

गाडी कोणती, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो, तरी ओट्यावर त्याला निम्मा वेळ गेला. १९५५ मध्ये लष्कराच्या मागणीमुळे मद्रासला बुलेट जोडली जाऊ लागली, तेव्हापासून डोंगर म्हणजे बुलेट असे समीकरण झाले. घाटात मोठ्या इंजिनाचे सुख असते, नाही असे नाही. पण केशकालच्या वळणांवर दुधाचे कॅन बांधलेली शंभर सी. सी. ची स्प्लेंडर आम्हांस ओलांडून जाताना आम्ही अनेकदा पाहिली आहे. साखळी ताणलेली, टायरांवर नक्षी शिल्लक, ब्रेकचे पॅड नवे आणि मागे एक सुटी ट्यूब असली की पुरे. आणखी एक: प्रवाससवलतीचे स्वप्न कोणी पाहू नये. आपल्या स्वतःच्या वाहनाने केलेला प्रवास त्या नियमांत बसत नाही. सरकारी अथवा सार्वजनिक वाहनाचेच भाडे मिळते. हा नियम आम्हीच दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईने लिहीत आलो आहोत, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी? मुख्यालय सोडण्याची परवानगी तेवढी घ्यावी.

बुढा तलावाच्या मध्यभागी विवेकानंदांचा पुतळा आहे. ओट्यावरून तेथे चालत जाता येते. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेन्द्र वडिलांकडे रायपुरास आला तेव्हा रेल्वे येथवर आली नव्हती. अनेक दिवस बैलगाडीने अरण्यातून व डोंगरांतून यावे लागले. त्या वाटेवर एका कड्याच्या कपारीतले प्रचंड मोहळ पाहता पाहता त्याचे देहभान हरपले, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. दिवसाला किती कोस झाले याची नोंद कोणी केलेली नाही.

नवा कागद आम्ही लिहिला आहे आणि ओट्यावर ठेवला आहे. कार्तिकात, पहिल्या शनिवारी सकाळी साडेसहाला महामायेच्या देवळापासून निघावयाचे: कांकेर, जगदलपूर, तेथे एक दिवस जास्त, मग कोरापुट, अरकू, परत जेपूर, कोंडागाव, रायपूर. मिळून आठ दिवस. नवव्या दिवशी घरी झोप. सर्वांत लांबचा टप्पा शेवटच्या दिवशीचा, सव्वादोनशे किलोमीटरांचा, आणि तो घाट उतरल्यावर सपाटीचा. लेहवाल्यांपैकी दोघे येतो म्हणाले आहेत. योजनाकर्ते अजून विचार करीत आहेत. आखूड पायाचा सहकारी आमच्या मागच्या सीटवर बसणार आहे. गाड्या मोजण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले, आणि कागदाच्या पहिल्या दिवसासमोर त्याच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: जेवण धमतरीस, साडेअकरा वाजता, सर्व आल्यावर.